परक्या गावी आजारपण : अँटवर्पच्या घरांतून

बेल्जियममधील अँटवर्प हे शहर आपल्या व्यापारी कुटुंबांना नकाशावर शोधावे लागत नाही. १९६० व १९७० च्या दशकांत पालनपूर आणि काठियावाडातील हिरे व्यापारी मुंबईमार्गे तेथे जाऊ लागले. आज मध्यवर्ती रेल्वे स्थानकालगतच्या होव्हेनियर्सस्ट्राट या अरुंद गल्लीत गुजराती जितकी कानी पडते, तितकी ती मुंबईच्या काही भागांतही पडत नसेल. विल्रिक भागात शुभ्र संगमरवराचे जिनमंदिर उभे आहे. मुंबई, पुणे, नाशिककडील मुली लग्न होऊन त्या शहरात नांदावयास जातात आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यात महिना-दोन महिने जाऊन येतात. तेथील बाजार, मंदिर, पाठशाळा, भाजी कोठे मिळते हे सारे त्यांना निघण्यापूर्वीच कोणीतरी सांगितलेले असते. ताप आला तर काय करावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

बेल्जियमची आरोग्यव्यवस्था चांगली आहे यात वाद नाही. पण तिला स्वतःची अशी चालरीत आहे आणि ती आपल्याकडच्या सवयींशी जुळत नाही. आपण आजारी पडलो की डॉक्टरांकडे जातो, पैसे देतो, औषध घेऊन घरी येतो. तेथे आजारी पडण्यापूर्वी बरेच काही करून ठेवावे लागते.

पहिले काम म्हणजे आरोग्य मंडळाचे सभासदत्व. डच भाषेत त्याला 'झिकेनफोंड्स' म्हणतात. नगरपालिकेच्या नोंदवहीत नाव लागलेल्या आणि नोकरी किंवा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने अशा एखाद्या मंडळात नाव नोंदवणे बंधनकारक आहे. मंडळे अनेक आहेत, काही धार्मिक वा राजकीय परंपरेतून जन्मलेली. शिवाय कोणत्याही विचारधारेशी संबंध नसलेला एक सरकारी निधीही आहे. मूळ विम्याची भरपाई सर्वत्र सारखीच, फरक असतो तो जादा सोयींत. रीत अशी की डॉक्टरांना बहुधा आपण पैसे द्यायचे आणि मंडळाने त्यातील मोठा भाग परत करायचा. पूर्वी त्यासाठी डॉक्टरांची पावती, तिच्यावर आपल्या नावाची चिकटपट्टी आणि टपालपेटी एवढा प्रवास असे. आता बरेचसे काम संगणकावरून परस्पर होते. जो भाग परत मिळत नाही त्याला डच लोक 'रेमगेल्ड' म्हणतात. 'रेम' म्हणजे गाडीचा ब्रेक. रुग्णाने ऊठसूट डॉक्टरांकडे धावू नये म्हणून लावलेला हा पैशाचा ब्रेक. व्यापाऱ्याला हा शब्द ऐकताच व्यवस्थेचे अर्धे मर्म कळावे.

हिरे व्यापाऱ्यांसाठी येथे एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्वतंत्र धंदा करणाऱ्यांचा सक्तीचा विमा २००७ अखेरपर्यंत फक्त 'मोठ्या जोखमी'चा होता. रुग्णालयात भरती झाले तर खर्च मिळे; साधी तपासणी, दात, नेहमीची औषधे यांसाठी वेगळा ऐच्छिक विमा घ्यावा लागे. अनेकांनी तो घेतला नाही. १ जानेवारी २००८ पासून हा भेद गेला आणि व्यापाऱ्यालाही नोकरदारासारखेच संरक्षण मिळू लागले. तरीही जुन्या पिढीतील काही मंडळी 'आपल्याला साध्या आजाराचे काही मिळत नाही' असेच धरून चालतात आणि पावत्या कपाटात साठवतात. त्या पावत्या दोन वर्षांच्या मुदतीनंतर निरुपयोगी होतात. मात्र हक्काची दुसरी बाजू अशी की धंदेवाल्याने दर तिमाहीस सामाजिक विम्याचा हप्ता भरला पाहिजे. बाजार मंदावला की हाच हप्ता लांबणीवर टाकण्याचा मोह होतो, आणि त्याच्याच आधारावर घरातील सर्वांचे आरोग्य उभे असते.

दुसरे काम घरच्या डॉक्टरांचे, म्हणजे 'हाउसआर्ट्स' गाठण्याचे. बेल्जियममध्ये थेट तज्ज्ञ डॉक्टरकडे जाण्यास बंदी नाही. शेजारच्या हॉलंडमध्ये आधी घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते, येथे तशी सक्ती नाही. पण त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या तज्ज्ञाची वेळ मिळण्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि आपली सर्व माहिती एका ठिकाणी असणे हेच खरे बळ ठरते. घरच्या डॉक्टरांकडे आपली समग्र वैद्यकीय नोंद उघडली की रेमगेल्डही कमी होते. अडचण एवढीच की अनेक डॉक्टरांनी नवे रुग्ण घेणे थांबवले आहे. ताप १०३ असताना चार ठिकाणी नकार ऐकण्यापेक्षा धडधाकट असताना जाऊन नाव नोंदवावे.

पहिल्या भेटीत आपल्या लोकांचा हमखास विरस होतो. दारावर कंपाउंडर नाही, परिचारिका नाही. डॉक्टर स्वतः उठून दार उघडतात, साध्या सदऱ्यात असतात, स्वतःच संगणकावर टंकतात. वीस मिनिटे प्रश्न विचारून शेवटी पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, तीन दिवसांनी कळवा, असे सांगतात. 'एवढ्यासाठी गेलो होतो का?' हे वाक्य तेथील प्रत्येक भारतीय घरात एकदा तरी उच्चारले गेले असेल. प्रतिजैविके कमी वापरावीत यासाठी बेल्जियममध्ये २००० सालापासून सरकारी लोकशिक्षण चालू आहे. सर्दी, साधा खोकला, फ्ल्यू यांवर ती चालत नाहीत हे तेथील डॉक्टर मनापासून मानतात. माझे मत विचाराल तर या बाबतीत ते बरोबर आहेत आणि मुंबईहून सुटकेसमधून नेलेल्या गोळ्यांची पाकिटे चूक आहेत.

रात्री-अपरात्री किंवा शनिवार-रविवारी घरच्या डॉक्टरांऐवजी १७३३ हा क्रमांक फिरवावा. तेथून पाळीवरच्या डॉक्टरांशी संपर्क होतो. जिवावरचे संकट असेल तर ११२. सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन बसण्याची आपली सवय तेथे महाग पडते, वाटही फार पाहावी लागते.

आपण डॉक्टरांना काय सांगावे, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्लेमिश डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याच्यासमोर बसलेल्या भारतीय शरीराचे काही विशेष त्याच्या नित्याच्या अनुभवात नसतात. बीटा थॅलेसेमियाचे वाहकत्व आपल्याकडील काही समाजांत बऱ्यापैकी आढळते. अशा माणसाचे हिमोग्लोबिन किंचित कमी आणि रक्तपेशी लहान असतात, आणि ते लोहाच्या कमतरतेसारखे दिसते. मग वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. घरात कोणी वाहक असल्यास पहिल्याच भेटीत सांगावे. गरोदर सुनेच्या बाबतीत तर सांगितलेच पाहिजे. मधुमेह आणि हृदयविकार भारतीयांना कमी वजनातही गाठतात. आशियाई लोकांसाठी वजनाच्या निर्देशांकाची सावधगिरीची रेषा २५ ऐवजी २३ धरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सुचवले. बारीक अंगकाठीच्या चाळिशीतल्या व्यापाऱ्याने आपल्या वडिलांच्या हृदयविकाराचा उल्लेख स्वतःहून करावा. विचारण्याची वाट पाहू नये.

मुलांच्या बाबतीत बीसीजी. भारतात जन्मलेल्या बाळाला ती लस दिलेली असते, बेल्जियममध्ये सर्रास देत नाहीत. पुढे शाळेत वा नोकरीच्या वेळी क्षयाची त्वचेवरील चाचणी झाली तर त्या लसीमुळे ती फुगू शकते आणि घरात विनाकारण घबराट पसरते. लसीकरणाचे कार्ड जपून न्यावे. रक्तावरील चाचणीचा पर्याय आहे. तेथे कायद्याने सक्तीची लस एकच, पोलिओची. बाकीच्या लशी बालकल्याण केंद्रांत मोफत मिळतात आणि तेथील परिचारिका नव्या आईला जीव लावून शिकवतात. भारतभेटीहून परतल्यावर ताप आला तर 'आम्ही भारतातून आलो' हे पहिले वाक्य असावे. अँटवर्पमध्येच नासिओनालेस्ट्राटवर उष्णकटिबंधीय रोगांची जगप्रसिद्ध संस्था आहे. मलेरिया, डेंग्यू, विषमज्वर ओळखणारे डॉक्टर तेथे आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत आपली हकीकत पोचली पाहिजे.

आता आहार, उपवास आणि सूर्य. मुंबईत सूर्यास्ताची वेळ वर्षभरात तासा-सव्वा तासाने हलते. अँटवर्पमध्ये २१ जूनला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरच्या अखेरीस दुपारी साडेचारनंतर लगेच. सकाळी तो उगवतो पावणेनऊला. म्हणजे हिवाळ्यात चोविहार करून नवकारसीने पारणे करणाऱ्यास सुमारे सतरा तास अन्नपाण्यावाचून जातात, आणि हे रोजचे. तरुणाला ते जमते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या, मूतखडा होऊन गेलेल्या किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांना ते जड जाते. दिवसातून तीन वेळा असे लिहिलेले औषध आठ तासांच्या दिवसात बसवले तर डोस एकमेकांवर चढतात आणि रात्रभर शरीर औषधाविना राहते.

यावर उपाय आहे, पण तो विचारल्याशिवाय मिळत नाही. अनेक औषधे दिवसातून एकदा वा दोनदा घेण्याच्या स्वरूपात मिळतात. डॉक्टरांना 'मी धार्मिक कारणाने रात्री औषध घेत नाही' एवढेच सांगून भागत नाही, कारण त्यांना वाटते की पाणी तरी पीत असणार. तिविहार आणि चोविहार यांतला फरक, म्हणजे पाणी चालते की चालत नाही, हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक आहे. तो साध्या शब्दांत सांगावा. बहुतेक डॉक्टर ऐकून घेतात. रमजानच्या उपवासांमुळे हा विषय त्यांना अगदीच नवा नसतो. मात्र अठ्ठाई किंवा मासखमण म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता नाही. सूर्यास्तानंतर आपण जेवत असू, असे ते गृहीत धरतात.

पर्युषणापूर्वी मधुमेही व्यक्तीने डॉक्टरांची वेळ घ्यावी ती किमान दोन आठवडे आधी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या उपवासात तशाच चालू ठेवल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. 'ग्लिफ्लोझिन' हे शेपूट असलेल्या नव्या गोळ्यांचा धोका वेगळाच. त्यात साखर फारशी वाढलेली दिसत नाही आणि तरीही उपाशी शरीरात आम्ल साठत जाते. मळमळ, धाप, गळून जाणे या खुणांना घरचे लोक तपाचा थकवा समजतात. या गोळ्या दीर्घ उपवासापूर्वी थांबवाव्या लागतात, आणि तो निर्णय डॉक्टरांचाच. रक्त पातळ करणारी जुनी औषधे घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करते. चातुर्मासात पालेभाजी सोडली की औषधाचा असर वाढतो, पुन्हा सुरू केली की उतरतो. आहार बदलताना रक्ततपासणी अधिक वेळा करून घ्यावी. आपल्या पच्चक्खाणातच समाधीसाठी औषध घेण्याचा आगार ठेवलेला आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना पुष्कळदा महाराजसाहेबांनीच आठवण करून द्यावे लागते.

बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाविषयी वेगळे लिहिण्याचे कारण नाही इतके ते सर्वश्रुत झाले आहे. अँटवर्प ५१ अक्षांशावर आहे आणि हिवाळ्यातील ऊन त्वचेला ड जीवनसत्त्व बनवू देत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

रुग्णालयातील जेवण हा स्वतंत्र अध्याय आहे. 'शाकाहारी' ताटात बटाटा असणारच, तो बेल्जियमचा राष्ट्रीय देव आहे! कांदा, लसूण, गाजर हे तेथे दोष समजले जात नाहीत. सूपचा आधार मांसाच्या रशाचा असू शकतो आणि चीज वासराच्या जठरातील रेनेटने बनवलेले. भरती होताच आहारतज्ज्ञाची भेट मागावी आणि काय चालत नाही याची डचमध्ये लिहिलेली छोटी यादी द्यावी. घरचा डबा आणण्याची परवानगी बहुधा मिळते, पण ती विचारून घ्यावी. शस्त्रक्रियेच्या रुग्णाला कधी उपाशी ठेवायचे असते. शिवाय हिवाळ्यात संध्याकाळचे ताट येते तेव्हा बाहेर अंधार पडून तास होऊन गेलेला असतो.

औषधांतील प्राणिज घटकांचा प्रश्न अधिक कठीण आहे. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेले असते. त्याच औषधाची गोळी किंवा द्रव मिळतो का, हे औषधविक्रेता शोधून देतो. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशींपैकी एकीत जिलेटिन आहे, दुसरीत नाही. इन्सुलिन आता प्रयोगशाळेत बनते, त्याची चिंता उरलेली नाही. पण हेपॅरिन, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठू नये म्हणून पोटात टोचले जाणारे इंजेक्शन, डुकराच्या आतड्यापासून काढतात. त्याला पूर्णतः कृत्रिम पर्याय आहे, मात्र तो प्रत्येक रुग्णाला चालेलच असे नाही. हृदयाची झडप बदलायची झाल्यास डुकराची वा गाईची ऊतक-झडप की धातूची, असा प्रश्न येतो. आणि धातूची निवडली की आयुष्यभर रक्त पातळ ठेवण्याचे औषध मागे लागते. असे प्रश्न ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी, शांत डोक्याने, घरातल्या सर्वांनी बसून सोडवावेत. अपघाताच्या रात्री अतिदक्षता विभागाच्या दारात इंजेक्शनच्या उगमावरून वाद घालणे मला योग्य वाटत नाही. ज्यांना तसे वाटते त्यांनी ते आधी लेखी देऊन ठेवावे, म्हणजे मुलावर तो भार पडत नाही.

भारतातून भेटीस जाणाऱ्या आईवडिलांबद्दल थोडे परखड लिहितो. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा प्रवास-विमा लागतो, म्हणून सर्वांत स्वस्त असेल तो घेतला जातो. त्यात आधीपासून असलेले आजार बहुधा वगळलेले असतात, आणि सत्तरीच्या माणसाला होणारे आजार बहुधा आधीपासूनचेच असतात. मुलाच्या मंडळाचा विमा पाहुण्या आईवडिलांना लागू होत नाही. हिऱ्याच्या व्यवहारात पैशा-पैशाचा हिशेब ठेवणारे आपले लोक येथे मात्र कलमे न वाचता सही करतात. स्वतंत्र खोलीबाबतही तसेच. बेल्जियमच्या रुग्णालयात एकट्याची खोली मागितली की डॉक्टरांना ठरलेल्या दरावर जादा मानधन आकारता येते. दोघांच्या खोलीत भरती झालेल्या रुग्णाकडून ते घेता येत नाही. उपचार तेच, डॉक्टर तेच. पाहुणे भेटायला येतील म्हणून घेतलेली खोली कधी शस्त्रक्रियेपेक्षा महाग पडते.

शेवटचा विषय नाजूक आहे. घरातील वृद्धेला कर्करोग झाला की आपल्याकडे मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, 'बाला काही सांगू नका.' बेल्जियममध्ये २२ ऑगस्ट २००२ चा रुग्णहक्क कायदा आहे. माहिती रुग्णाची, निर्णय रुग्णाचा. डॉक्टर मुलाला बाजूला भेटणार नाहीत. आईसमोर, आईशी बोलतील. आईला डच वा इंग्रजी येत नसेल तर दुभाषी कोण? पुष्कळदा शाळकरी नातीला उभे केले जाते, आणि आजीच्या मरणाचा शब्द त्या पोरीच्या तोंडून बाहेर पडतो. असे करू नये. रुग्णालयांत दुभाष्यांची आणि मध्यस्थांची सोय असते, ती मागावी. त्याच कायद्यात न जाणण्याचाही हक्क आहे. 'मला तपशील नको, माझ्या मुलाशी बोला' असे आईने स्वतः सांगितले तर डॉक्टर ते मानतात. मात्र ते आईनेच सांगायला हवे.

आणि संथारा. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली, हे आपणां सर्वांना ज्ञात आहे. बेल्जियममध्ये परिस्थिती निराळी. तेथे २००२ पासून ठरावीक अटींवर इच्छामरण कायदेशीर आहे, आणि म्हणून 'आजी अन्न सोडते आहे' हे ऐकताच डॉक्टरांच्या मनात दोनच गोष्टी येतात : नैराश्य किंवा इच्छामरणाची मागणी. आपल्याला यांपैकी काहीच म्हणायचे नसते. डॉक्टरांनी दिलेले मरण आपल्या परंपरेला मान्य नाही, आणि नळीने लांबवलेले जगणेही अनेक वृद्धांना नको असते. तेथील कायद्यानुसार शुद्धीत असलेला प्रौढ रुग्ण कोणताही उपचार, नळीतून दिले जाणारे अन्नसुद्धा, नाकारू शकतो. तो नकार आधी लेखी देता येतो आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही लेखी नेमता येतो. वेदना कमी करणारी सेवा घरी मिळण्याची चांगली सोय आहे. हे बोलणे आजी चालती-बोलती असतानाच घरच्या डॉक्टरांसमोर व्हावे. कागद डचमध्ये असावा, खाली तिची स्वतःची सही, प्रतिनिधीचे नाव, आणि सोबत ती घेत असलेल्या औषधांची मूळ रासायनिक नावे, कारण भारतातील छापाची नावे तेथील औषधविक्रेत्याला कळत नाहीत. एक प्रत डॉक्टरांच्या नोंदीत जावी आणि एक तिच्या सामायिकाच्या पिशवीत, कटासण्याच्या घडीत राहावी.